खुडूक कोंबडी

उरणजवळ द्रोणागिरीच्या पायथ्याशीं सिडकोच्या नव्या वसाहतीला लागून आगरी-कोळी लोकांचीं जुनीं गांवें अद्याप टिकून आहेत. माझा सकाळचा फेरफटका अशाच एका गांवावरून जातो. आमच्या घराण्यांत कोंबडीचा स्पर्शहि वर्ज्य; चाणक्यानें कोंबड्यापासून चार गुण शिकावे म्हटलें आहे, एवढाच काय तो माझा ह्या पक्ष्याशीं संबंध. त्यामुळें तेथील एका वृद्ध बाईंनीं, "गुरुजी, ह्या पांढऱ्या कोंबड्या खुडूक कां होत नाहींत?" असें विचारलें, तेव्हां मी निरुत्तर झालों.

पिलें विकून बाईंच्या घरचा मीठमिरचीचा खर्च चालतो. अधिक अंड्यांच्या आशेनें त्यांनीं चार लेगहॉर्न कोंबड्या आणल्या. अंडीं भरपूर मिळालीं. परंतु गांवठी कोंबडी जशी पुरेशीं अंडीं झालीं कीं एकवीस दिवस त्यांवर ठाण मांडून बसते, तशी ह्यांतील एकहि बसेना.

घरीं येऊन मीं ग्रंथ चाळले. कोंबडीच्या प्रत्येक पेशींत जनुकांची एकच पोथी असते. तिचें वाचन २००४ सालीं प्रसिद्ध झालें. अक्षरें सुमारें शंभर कोटि भरलीं! पण कोणत्या पेशीनें कोणतें पान केव्हां उघडावें, हें मात्र ठिकाणपरत्वें व प्रसंगपरत्वें बदलतें. पान उघडून त्याबरहुकूम द्रव्य तयार होणें, ह्यास जनुकाची अभिव्यक्ति म्हणतात. अंड्यांचा स्पर्श पोटाच्या उघड्या कातडीस झाला कीं ती वार्ता मज्जातंतूंवाटे मेंदूच्या तळाशीं पोहोंचते. तेथें व्हीआयपी नांवाच्या द्रव्याचें पान जोरानें वाचलें जाऊं लागतें. (मंत्र्यांशीं ह्याचा कांहीं संबंध नाहीं.) तें द्रव्य खालच्या पीयूषिका ग्रंथीस जागें करतें आणि प्रोलॅक्टिन नांवाचा स्राव रक्तांत उतरतो. मग बीजकोशास चेतविणारे स्राव मंदावतात, अंडीं थांबतात, भूक उणावते, आणि कोंबडी जागची हलत नाहीं. ऑस्कर रिडल व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९३५ सालीं अमेरिकेंत प्रोलॅक्टिन टोंचून कोंबड्या खुडूक करून दाखविल्या होत्या. उलट, खालचीं अंडीं काढून घेतलीं तर हा स्राव थोड्याच दिवसांत ओसरतो. खुडूक कोंबडीस पाण्यांत बुडविण्याची जी जुनी रीत आहे, तिचें मर्महि पोटाची ऊब मोडण्यांत असावें.

पांढऱ्या कोंबडीच्या पोथींतून प्रोलॅक्टिनचें पान कोणीं फाडलेलें नाहीं. पण बसलेली कोंबडी अंडीं देत नाहीं. म्हणून पाळणाऱ्यांनीं पिढ्यान् पिढ्या न बसणाऱ्या कोंबड्यांचाच वंश वाढविला, व उबविण्याचें काम यंत्राकडे दिलें. हा सौदा माझ्या मनास रुचत नाहीं. तथापि गरिबाच्या ताटांत अंडें त्यामुळेंच आलें, हें माझ्यासारख्या न खाणाऱ्यानें विसरूं नये.

हें सर्व मीं बाईंना सांगितलें. त्यांनीं ऐकून घेतलें, आणि दुसऱ्याच दिवशीं पांढऱ्या कोंबड्यांचीं अकरा अंडीं एका खुडूक गांवठी कोंबडीखालीं ठेविलीं. एकविसाव्या दिवशीं नऊ पिलें निघालीं. परकीं म्हणून तिनें एकासहि टोंचलें नाहीं. सगळीं पंखाखालीं घेतलीं.

आतां त्यांतल्या चार तलंगा अंड्यावर येण्याच्या बेतांत आहेत. आई पांढरी, बाप अंगणांतला गांवठी कोंबडा. ह्या खुडूक होतील कीं नाहीं, असें बाईंनीं मला पुन्हां विचारलें आहे, आणि मीं अद्याप उत्तर दिलेलें नाहीं.