विकासजन्य शिराविकृती आणि मेंदूचा चयापचय

विकासजन्य शिराविकृती ही मेंदूतील रक्तवाहिन्यांच्या जन्मजात रचनाभेदांपैकी सर्वाधिक आढळणारी विकृती होय. शंभरांतील साधारणतः दोन ते तीन व्यक्तींमध्ये ती असते. बहुतेकांना तिचा कोणताही त्रास होत नाही व अन्य कारणासाठी केलेल्या एमआरआय तपासणीत ती योगायोगाने दिसते. या विकृतीभोवतीचा मेंदू एमआरआयवर बहुधा निरोगी दिसतो. मात्र त्याचा ग्लुकोज-वापर मोजला असता तो पुष्कळदा कमी असल्याचे आढळले आहे.

रचना

या विकृतीत अनेक बारीक शिरा छत्रीच्या काड्यांप्रमाणे एकत्र येऊन एका रुंद संग्राहक शिरेला मिळतात. ग्रीक पुराणकथेतील मेड्युसेच्या सर्पकेशांची उपमा या दृश्याला दिली जाते. पूर्वी तिला 'शिराजन्य अँजिओमा' म्हणत. हे नाव अर्बुदाचा भास निर्माण करणारे होते. पिएर लास्जोनियास व सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये आजचे नाव सुचवले. शिरांच्या मधल्या जागेत मेंदूची सामान्य ऊती असते आणि तिचे रक्त याच शिरांवाटे बाहेर जाते. त्यामुळे ही विकृती कापून काढल्यास निरोगी भागातील रक्ताचा निचरा बंद होऊन त्या भागाचा नाश किंवा रक्तस्राव होऊ शकतो.

मापनाची पद्धत

प्रौढ मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के असते, पण विश्रांतीच्या स्थितीत शरीराला लागणाऱ्या ऑक्सिजनपैकी सुमारे २० टक्के ऑक्सिजन तो वापरतो. त्याचे मुख्य इंधन ग्लुकोज आहे. पेट स्कॅनमध्ये ग्लुकोजसारखाच, परंतु फ्लोरिन-१८ हे किरणोत्सारी समस्थानिक जोडलेला एफडीजी हा पदार्थ शिरेतून देतात. पेशी तो ग्लुकोजप्रमाणे आत घेतात व हेक्सोकायनेज हे विकर त्याला फॉस्फेट जोडते. मात्र चयापचयाची पुढची पायरी होऊ न शकल्याने तो पेशीतच अडकून राहतो. फ्लोरिन-१८चे अर्धायुष्य सुमारे ११० मिनिटे आहे. त्यातून निघालेला पॉझिट्रॉन इलेक्ट्रॉनला भेटताच दोन्ही नष्ट होऊन विरुद्ध दिशांना जाणारे दोन फोटॉन निर्माण होतात. यंत्र ही जोडी टिपून पदार्थ कोठे साठला आहे ते दाखवते.

रुग्ण उपाशी असावा लागतो. इंजेक्शननंतर त्याला शांत, मंद प्रकाशाच्या खोलीत ठेवतात, कारण पाहणे, बोलणे किंवा ऐकणे यांनीही त्या त्या भागातील ग्रहण वाढते.

आकड्यांचा अर्थ

पेटचे चित्र एमआरआयच्या चित्रावर बसवून विकृतीजवळच्या भागाची तुलना विरुद्ध गोलार्धातील त्याच जागेशी केली जाते. येथे चुकीला बराच वाव आहे. पेट यंत्राची भेदनक्षमता काही मिलिमीटर इतकीच असते, आणि शिरेतील रक्त मेंदूपेशींप्रमाणे एफडीजी साठवत नाही. म्हणून रुंद शिरेचा समावेश असलेल्या ठिपक्यात ग्रहण प्रत्यक्षापेक्षा कमी भासते. श्वेत द्रव्यात ते मुळातच करड्या द्रव्यापेक्षा पुष्कळ कमी असल्याने तेथील घट ओळखणे आणखी कठीण जाते. परंतु घट शिरेपासून दूर, बाह्यकाच्या विस्तृत पट्ट्यात पसरलेली असेल, तर केवळ यंत्राच्या मर्यादेने तिचे स्पष्टीकरण होत नाही.

'अमेरिकन जर्नल ऑफ न्यूरोरेडिओलॉजी'मध्ये २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २२ व्यक्तींमधील २५ विकृती तपासल्या गेल्या. सुमारे तीन चतुर्थांश विकृतींलगतच्या मेंदूत चयापचयाची विषमता, बहुधा घट, आढळली. एमआरआयवर ऊतीत बदल दिसणाऱ्या विकृती त्या मानाने थोड्याच होत्या. निचरा मंदावून शिरांतील दाब वाढणे व त्यामुळे पेशींचे काम घटणे, हे घटीचे एक संभाव्य कारण मानले जाते. तो प्रदेश गर्भावस्थेतच वेगळ्या रीतीने घडला असणे हीदेखील शक्यता आहे. अशा छोट्या, एकाच वेळी घेतलेल्या मोजमापांवरून या दोहोंत निवाडा करता येत नाही. शिवाय चयापचय कमी म्हणजे लक्षणे असतीलच असेही नाही.

वैद्यकीय महत्त्व

अपस्मारावरील शस्त्रक्रियेपूर्वी हा प्रश्न प्रत्यक्ष निर्णयाचा होतो. दोन झटक्यांच्या मधल्या काळात घेतलेल्या पेट स्कॅनमध्ये ग्रहण कमी असलेली जागा झटक्यांचे उगमस्थान सुचवते. तीच जागा शिराविकृतीलगत असेल, तर घट अपस्मारामुळे आहे की विकृतीमुळे, हे चित्रावरून कळत नाही. झटक्यांच्या नोंदी आणि ईईजी त्याच जागेकडे निर्देश करतात का, तसेच बाह्यकात दुसरा एखादा रचनादोष आहे का, हे पाहावे लागते. स्मृतिभ्रंशाच्या तपासणीतही एकाच बाजूची, मर्यादित घट दिसल्यास एमआरआयवर जवळपास अशी शिरा आहे का हे तपासणे उपयुक्त ठरते. अल्झायमर रोगातील घट सहसा दोन्ही बाजूंच्या पार्श्विक व शंख खंडांत असते.

योगायोगाने सापडलेल्या, लक्षणविरहित विकृतीसाठी पेट स्कॅन सहसा करत नाहीत, कारण त्यात किरणोत्साराची मात्रा घ्यावी लागते आणि निष्कर्षाने उपचार बदलत नाही.