प्लॅटफॉर्मची निवड : सेवाग्रामचे रुग्णालय, हिंगणघाटचा कापूस

सॉफ्टवेअर ज्या तयार पायावर उभारले जाते, त्याला प्लॅटफॉर्म म्हणतात. प्रोग्रामिंगची भाषा, डेटाबेस, सर्व्हर, चाचणीची साधने हे सगळे त्यात आले. हा पाया मागाहून बदलणे महागात पडते, कारण कोड आणि साठलेला डेटा तोवर त्याच्याच घडणीचा झालेला असतो.

मोठ्या संस्थेची गरज सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात दिसते. महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था १९६९ मध्ये सुरू झाली; तिच्या या रुग्णालयाची संगणक प्रणाली सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेच्या नोएडा केंद्राने तयार केली. अशा ठिकाणी खिडकीवर केसपेपर निघाला की तोच नोंदणी क्रमांक प्रयोगशाळा, औषधालय, वॉर्ड आणि बिलापर्यंत चालावा लागतो. वीस वर्षांपूर्वीची नोंदही आज उघडली पाहिजे. त्यामुळे वेगापेक्षा ‘दहा वर्षांनी हे सांभाळणार कोण’ हा प्रश्न आधी येतो. परवान्याचा खर्चही बेभरवशाचा असतो. ओरॅकल कंपनीने २०२३ मध्ये जावा या प्रोग्रामिंग भाषेच्या व्यावसायिक परवान्याचे दर ग्राहक कंपनीतल्या एकूण कर्मचाऱ्यांच्या संख्येवर नेले. जावा वापरणारे मोजकेच असले तरी हिशेब सगळ्यांचा. ओपन-जेडीके ही जावाची मुक्त आवृत्ती असल्याने अनेकांना तिकडे वळता आले.

मुक्त स्रोताचा, म्हणजे कोड सर्वांना खुला असलेल्या प्रणालींचा, मार्ग लहान रुग्णालयांनाही परवडतो. छत्तीसगडमधल्या गनियारीच्या जन स्वास्थ्य सहयोग या संस्थेच्या रुग्णालयासाठी थॉटवर्क्स या सॉफ्टवेअर कंपनीने ‘बहमनी’ प्रणाली बांधली. रुग्णाच्या नोंदींना ओपन-एमआरएस, प्रयोगशाळेला ओपन-एलिस आणि बिलांना ओडू असे तयार भाग जोडून ती उभी राहिली. अर्थात परवाना फुकट असला तरी सांभाळणारा माणूस फुकट मिळत नाही, हे अंदाजपत्रकात बहुधा विसरले जाते.

स्टार्टअपचे गणित उलटे. हिंगणघाटच्या बाजारातले कापसाचे भाव शेतकऱ्याच्या मोबाइलवर देणारे ॲप दोन-तीन तरुणांना करायचे आहे, असे धरू. आवक दिवाळीनंतर वाढते, उन्हाळ्यात ओसरते. वर्षभर रिकामे राहणारे सर्व्हर विकत घेण्यापेक्षा क्लाउडवर वापराइतके भाडे भरणे शहाणपणाचे. फ्लटरसारख्या साधनाने एकाच कोडमधून अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींची ॲप्स निघतात. शिवाय असे साधन वापरता येणारी मुले वर्धा-नागपुरात मिळतात का, हेही पाहावे लागते. ॲप चालेल की नाही हेच ठाऊक नसताना दहा वर्षांचा विचार करणे म्हणजे पैशाची नासाडी.

धोका तयार सेवेवर पूर्ण विसंबण्यात आहे. ‘पार्स’ ही ॲपचा डेटा सांभाळणारी सेवा फेसबुकने २०१३ मध्ये घेतली, २०१६ च्या जानेवारीत बंद करण्याचे जाहीर केले आणि वर्षभराने बंद केली. कोड खुला केल्यामुळे ग्राहकांना स्वतःचे सर्व्हर उभारता आले, पण काम वाढलेच. म्हणून करारावर सही करण्याआधी आपला सगळा डेटा बाहेर काढून दुसऱ्या डेटाबेसमध्ये उघडून पाहावा. ज्या सेवेत हे जमत नाही, ती स्वस्त असली तरी घेऊ नये.