पापाची कबुली आणि क्षमा

श्रोतेहो, वाल्या कोळ्याची गोष्ट ठाऊक नाही, असे घर आपल्याकडे सापडायचे नाही. आपल्या सेलू तालुक्यातल्या वालूरला तर गावाच्या नावाचा संबंध वाल्मीकींशी जोडणारी मंडळी भेटतात. त्या गोष्टीतला प्रश्न फार जुना आहे. ज्याच्या हातून घोर पाप घडले, त्याला माघारी यायला वाट असते की नाही? निरनिराळ्या धर्मांनी याची आपापली उत्तरे दिली आहेत. कॅथलिक ख्रिस्ती धर्माचे उत्तर काय, ते आज पाहू.

हा धर्म आपल्याला परका नाही. वसईकडचे कॅथलिक पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलत आले आहेत. फादर स्टीफन्स यांचे मराठी ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली छापले गेले. औरंगाबादचा स्वतंत्र धर्मप्रांत १९७७ साली झाला. आणि २०२० साली उस्मानाबादेस, म्हणजे आजच्या धाराशिवला, साहित्य संमेलन भरले, त्याचे अध्यक्ष वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते. तेव्हा शेजारच्या घरातली रीत समजून घ्यायला हवीच.

कॅथलिक शिकवणीत पापाचे दोन प्रकार मानतात. रोजच्या लहानसहान चुका हा एक, आणि गंभीर पाप हा दुसरा. गंभीर पाप ठरायला तीन गोष्टी लागतात. कृत्य मोठे हवे, ते वाईट आहे याची पुरती जाणीव हवी, आणि ते आपखुशीने केलेले हवे. खून, व्यभिचार, गरिबाला लुबाडणे ही अशी कृत्ये. असे पाप माणसाला देवापासून तोडते, असे हा धर्म मानतो. पण कितीही घोर पाप असो, मनापासून पश्चात्ताप झाला तर त्याला क्षमा आहे, हेही तो तितक्याच ठामपणे सांगतो.

ही क्षमा मिळण्याच्या विधीला प्रायश्चित्त संस्कार म्हणतात. माणूस धर्मगुरूपुढे जातो आणि गंभीर पापे एक एक करून, आडपडदा न ठेवता सांगतो. धर्मगुरू त्याला प्रायश्चित्त नेमून देतो आणि देवाच्या नावाने पापमुक्त करतो. वर्षातून निदान एकदा गंभीर पापांची कबुली द्यावी, असा नियम १२१५ सालच्या धर्मपरिषदेने घातला. तो आजही पाळायचा असतो.

कोणी विचारील, देव सर्व जाणतो, मग माणसापुढे कशाला सांगायचे? त्यांचे म्हणणे असे की, पापक्षमेचा अधिकार येशूने आपल्या शिष्यांना दिला आणि तो धर्मगुरूंकडे चालत आला. शिवाय मनातल्या मनात आपण स्वतःला फार लवकर माफ करतो. तोंडाने ‘हे मी केले’ म्हणताना जीभ जड होते, आणि तिथेच खरेपणा कळतो. ऐकलेले पाप धर्मगुरूने कोणालाही सांगायचे नाही. जीव गेला तरी नाही. जाणूनबुजून गुपित फोडणारा धर्मगुरू आपोआप धर्मबहिष्कृत ठरतो.

आता एक गैरसमज काढून टाकू. ‘आठवडाभर पाप करा, रविवारी सांगा, की मोकळे!’ असे काही लोक थट्टेने म्हणतात. तसे नाही. समजा, एकाने विधवा शेजारणीचा बांध कोरून तिची जमीन आपल्या शेतात ओढली आणि पुढे तो कबुलीला गेला. ‘चुकलो’ म्हटले, पण जमीन ठेवून घ्यायची असे मनात असेल, तर तो पश्चात्ताप खराच नव्हे. बांध जुन्या जागी गेला पाहिजे, बुडालेले पीक भरून दिले पाहिजे. पुन्हा तसे न करण्याचा निश्चयही हवा. देवाची क्षमा मिळाली म्हणून सरकारची शिक्षाही टळत नाही. क्षमा आणि भरपाई ही एकाच गाडीची दोन चाके आहेत.

आणि ज्याचे नुकसान झाले, त्याने काय करावे? त्यानेही क्षमा करावी, अशी येशूची शिकवण. ती किती अवघड, याचा एक दाखला सांगतो. मध्य प्रदेशात देवास जिल्ह्यातल्या उदयनगर भागात सिस्टर राणी मारिया गरीब शेतकऱ्यांना सावकारी पाशातून सोडवण्याचे काम करीत. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी एका माणसाने त्यांचा चाकूने खून केला. त्याला जन्मठेप झाली. राणी मारियांची धाकटी बहीणही संन्यासिनी. २००२ साली ती तुरुंगात गेली आणि तिने त्या मारेकऱ्याला राखी बांधली. त्याच्या सुटकेसाठी घरच्यांनीही खटपट केली. २००६ साली सुटल्यावर तो केरळात त्यांच्या आईवडिलांकडे क्षमा मागायला गेला. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूरला राणी मारियांना ‘धन्य’ घोषित करण्यात आले.

तो मारेकरी काही कॅथलिक नव्हता, म्हणजे त्याची गोष्ट या संस्काराची नव्हे. पण क्षमा म्हणजे गुन्हा झालाच नाही असे मानणे नव्हे, हे तीतून नीट कळते. अकरा वर्षे तुरुंगात काढूनही त्याला क्षमा मागायला त्या उंबऱ्यावर जावेच लागले.

शिक्षकबंधूंनी हा विषय वर्गात काढला, तर मुलांना एवढेच विचारावे : चूक कबूल करणे सोपे, की केलेले नुकसान भरून देणे? आणि दोन्ही केलेल्या माणसाला आपण गावात पुन्हा जागा देतो का?