तुकड्यातुकड्यांची ऊब

रजई आपल्याला ऊब देत नाही. ऊब आपल्याच अंगाची असते; रजई तिला फक्त पळू देत नाही. आणि खरं पाहिलं तर ही राखणदेखील कापूस करत नाही, कापसात अडकलेली हवा करते! स्थिर हवेतून उष्णता इतकी सावकाश सरकते, की तिच्यापुढे कापसाचा तंतू चांगला वाहक ठरावा. तंतूंकडे काम एवढंच, हवेला हलू न देणं.

त्यासाठी त्यांची घडणही अजब आहे. बोंड उकलेपर्यंत तंतू म्हणजे रसानं भरलेली बारीक नळी असते. बोंड फुटून ऊन लागलं की नळी वाळते, चपटी होते आणि स्वतःभोवती पीळ घेते. असे लाखो पीळदार तंतू एकमेकांत अडकतात आणि त्यांच्यामधल्या पोकळ्यांत हवा कोंडली जाते.

हे कळलं की क्विल्ट शिवणाऱ्यांच्या घरी साठलेल्या पट्ट्यांचं मोल कळतं. क्विल्टमध्ये वर तुकड्यांचं जोडकाम, खाली अस्तर आणि मध्ये कापसाचा किंवा पॉलिएस्टरचा थर असतो. या थराला बॅटिंग म्हणतात (क्रिकेटचा संबंध नाही). तो मापानं कापला की कडेच्या चिंचोळ्या पट्ट्या उरतात आणि टाकवत नाहीत. टाकूही नयेत. थर अखंड आहे की सांधलेला, याच्याशी आतल्या हवेला काही देणंघेणं नसतं.

सगळी अक्कल लागते ती सांध्यात. पट्टी पट्टीवर चढवली तर तिथे दुप्पट जाडी होते आणि वरून हात फिरवला की वरंबा लागतो. फट राहिली तर थंडी नेमकी तिथूनच शिरते. म्हणून काठाला काठ भिडवायचा आणि वरून सैल झिगझॅग टीप मारायची. तरी सरळ सांध्याची एक खोड उरतेच: पांघरूण पुढे त्याच रेघेवर दुमडू लागतं. त्यावरचा तोडगा मला फार आवडतो. दोन पट्ट्यांच्या कडा थोड्या एकमेकींवर ठेवायच्या आणि दोन्हींतून एकदमच नागमोडी काप घ्यायचा. वरचा आणि खालचा कपटा काढून टाकला की एकीचं वळण दुसरीच्या खाचेत अचूक बसतं. मोजमाप नाही, आखणी नाही!

कापूस आणि पॉलिएस्टर मात्र एकत्र सांधू नयेत. धुतल्यावर कापूस आटतो, पॉलिएस्टर जवळपास तसंच राहतं, आणि अर्धी रजई सुरकुतते. हातभरही लांब नसलेले सुती कपटे गरम भांडी धरायच्या फडक्यात भरावेत. तिथेही पॉलिएस्टर नको, तापलेल्या तव्याशी ते मऊ पडून वितळू शकतं.

उरलेल्या तुकड्यांचा प्रश्न आपल्या गोधडीनं वेगळ्याच वाटेनं सोडवला. तिच्यात बहुधा कापसाचा थर नसतोच. लुगडं मध्ये विरलं की तेवढा भाग काढून, उरलेले तुकडे दंड घालून म्हणजे शिवणीनं जोडून ते पुन्हा नेसायचं. तेही जीर्ण झालं की ते जुनेर गोधडीत जायचं. आत धोतराचे तुकडे, सदऱ्यांच्या बाह्या, जे असेल ते. दर दोन थरांमध्ये हवेचा एक पातळ पापुद्रा. पण सुटे तुकडे धुताना सरकून कोपऱ्यात गोळा व्हायचे, म्हणून जवळजवळ धावदोऱ्याच्या ओळी. त्या नुसत्या नक्षीसाठी नसतात. नुसता पिंजलेला कापूस भरलेल्या जुन्या क्विल्टांनाही दर दोन-तीन इंचांवर टीप लागायची. आता काटेरी सुयांनी ठोकून तंतू आधीच एकमेकांत गुंतवलेले असतात, त्यामुळे काही बॅटिंगना 8 ते 10 इंचांचं अंतरही चालतं.

आणि कापूस दबून दगड झाला तर? त्यासाठी पिंजारी होता. धनुकलीची ताणलेली तात कापसात धरून तो तिच्यावर लाकडी ठोकळ्यानं ठोका देई. तात थरथरली की गठ्ठ्यातले तंतू सुटे होऊन उडत आणि त्यांच्यामध्ये पुन्हा हवा शिरे. वजन तेच, ढीग मात्र कितीतरी मोठा! आता हे काम बहुतेक ठिकाणी यंत्र करतं, पण मर्यादा तीच आहे. दर पिंजणीत काही तंतू तुटतात, आखूड होतात, धूळ होऊन उडून जातात, म्हणून जुन्या गादीचा कापूस पिंजताना त्यात थोडा नवा मिसळावा लागतो.