मॉर्फिनची धास्ती, ट्रामाडॉलची सवय

कॅन्सरच्या पेशंटला डॉक्टरांनी मॉर्फिन लिहून दिलं की घरात कुजबुज सुरू होते. ‘डॉक्टरांनी आशा सोडलेली दिसते.’ ‘नशेची गोळी आहे ती, सवय लागेल.’ मग गोळ्यांची पट्टी कपाटात जाते आणि पेशंट रात्रभर कण्हत राहतो. त्याच घरात पाठ धरली म्हणून कुणीतरी मेडिकलमधून आणलेलं ट्रामाडॉल किंवा टॅपेंटाडॉल दोन-दोन महिने घेत असतं, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. खरं तर ही तिन्ही औषधं एकाच कुळातली, ओपिऑइड वर्गातली. मेंदू आणि मज्जारज्जूत वेदनेचा निरोप जिथे पोचतो तिथेच ती काम करतात, आणि श्वासाचा वेग सांभाळणारं केंद्रही मंद करतात. आपली भीती आणि आपला बिनधास्तपणा, दोन्ही चुकीच्या जागी आहेत.

सोलापूर जिल्ह्याला या विषयाकडे पाठ फिरवून चालणार नाही. देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी 1987 मध्ये बार्शीत सुरू झाली, बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांतल्या गावांसाठी. तिथलं नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल आजूबाजूच्या जिल्ह्यांतल्या पेशंटचाही आधार आहे. खेड्यातला पेशंट अनेकदा उशिरा येतो, गाठ वाढल्यावर, दुखणं हाडापर्यंत गेल्यावर. त्याला साध्या पॅरासिटामॉलने उतार पडत नाही.

‘मॉर्फिन दिलं म्हणजे शेवट जवळ आला’

मॉर्फिन कधी द्यायचं हे दुखण्याची तीव्रता ठरवते, आयुष्य किती उरलं आहे ते नव्हे. मोठी शस्त्रक्रिया, गंभीर भाजणं, हृदयविकाराचा झटका, अपघातात मोडलेलं हाड, अशा ठिकाणीही ते दिलं जातं आणि पेशंट बरा होऊन घरी जातो. जागतिक आरोग्य संघटनेने 1986 साली कॅन्सरच्या वेदनांसाठी पायऱ्यांची पद्धत सांगितली. साध्या औषधांनी भागलं नाही तर वरची पायरी, आणि तीव्र वेदनेला मॉर्फिन. ते शक्यतो तोंडावाटे द्यायचं आणि घड्याळ लावून द्यायचं.

हे घड्याळ फार महत्त्वाचं आहे. साध्या मॉर्फिनच्या गोळीचा परिणाम चारेक तास टिकतो. म्हणून सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा आणि रात्री दहा असं वेळापत्रक बऱ्याचदा दिलं जातं. रात्री दोनला पेशंटला उठवावं लागू नये म्हणून दहाचा डोस अनेकदा मोठा असतो. किती मोठा, ते डॉक्टर ठरवतात. घरची माणसं मात्र ‘सोसवेल तेवढं सोस, अगदीच नाही झालं तर देऊ’ असं म्हणतात. कळ डोक्यात गेल्यावर दिलेली गोळी उशिरा लागू पडते आणि तोवर माणूस हैराण झालेला असतो. सोसण्यात काही पुण्य नाही. वेदना आटोक्यात आलेला पेशंट जेवतो, झोपतो, नातवंडांशी बोलतो, पुढची किमोथेरपी झेपवू शकतो.

आजाराच्या शेवटच्या टप्प्यातही, वेदनेच्या मापाने हळूहळू वाढवलेलं मॉर्फिन मरण ओढून आणत नाही. दम लागून तगमगणाऱ्या पेशंटला ते लहान मात्रेत आरामही देतं. आजार मारतो; दोष गोळीला मिळतो, कारण ती शेवटी दिलेली असते.

‘एकदा घेतली की व्यसन लागणारच’

इथे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. काही आठवडे रोज ओपिऑइड घेतलं की शरीराला त्याची सवय होते. ते एकदम तोडलं तर घाम, जुलाब, अंगदुखी, अस्वस्थपणा असा त्रास होतो, म्हणून डोस टप्प्याटप्प्याने उतरवतात. असं स्टेरॉइडच्या गोळ्यांचंही असतं. व्यसन म्हणजे नुकसान दिसत असूनही त्या औषधाची ओढ लागणं, त्यासाठी खोटं बोलणं, काम-संसार सोडून त्याच्यामागे लागणं. कॅन्सरच्या तीव्र वेदनेसाठी देखरेखीखाली मॉर्फिन घेणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या बाबतीत ही दुसरी गोष्ट घडत नाही. गोळी वाढवून मागणारा पेशंट बहुतेक वेळा अपुऱ्या उपचाराने कळवळत असतो.

पण ‘व्यसन लागतच नाही’ हा उलटा गैरसमजही तितकाच घातक, आणि त्याची किंमत अमेरिकेने मोजली. जानेवारी 1980 मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये पाच वाक्यांचं एक पत्र छापून आलं. रुग्णालयात दाखल असताना ओपिऑइड दिलेल्या 11,882 पेशंटपैकी फक्त चौघांना व्यसन लागल्याची नोंद आढळली, एवढंच त्यात होतं. घरी जाऊन महिनोन् महिने गोळ्या घेणाऱ्यांबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं. तरीही पुढे हेच पत्र पुरावा म्हणून शेकडो वेळा पुढे करण्यात आलं. 1996 मध्ये पर्ड्यू फार्मा कंपनीने ऑक्सीकोडोनची ‘ऑक्सीकॉन्टिन’ ही गोळी बाजारात आणली आणि कंबरदुखी, गुडघेदुखीसाठीसुद्धा ती लिहावी म्हणून डॉक्टरांच्या मागे लागली. व्यसनाचा धोका कमी करून सांगितल्याबद्दल 2007 मध्ये पर्ड्यूशी संलग्न कंपनीने न्यायालयात गुन्हा कबूल केला. तोवर घराघरांत गोळ्या पोचल्या होत्या. पुढे त्या मिळेनाशा झाल्यावर माणसं हेरॉइनकडे आणि चोरट्या फेंटॅनिलकडे वळली. 2022 या एका वर्षात अमेरिकेत ओपिऑइडच्या अतिमात्रेने ऐंशी हजारांवर माणसं गेली.

ज्याला आधीच दारूचं किंवा इतर कशाचं व्यसन आहे, ज्याला नैराश्य आहे, त्याला धोका जास्त. ही माहिती डॉक्टरांपासून लपवू नका. ती सांगितली म्हणून उपचार नाकारला जात नाही. लक्ष अधिक ठेवलं जातं, गोळ्या कमी दिवसांच्या दिल्या जातात.

‘मॉर्फिनवर सरकारची बंदी आहे’

बंदी कधीच नव्हती, पण अमली पदार्थांविषयीच्या एनडीपीएस कायद्याने 1985 नंतर जो धाक बसला तो बंदीसारखाच होता. एका रुग्णालयाला मॉर्फिन ठेवायचं तर अनेक परवाने, वेगवेगळी खाती, आणि नोंदवहीत चूक निघाली तर दहा वर्षांच्या तुरुंगवासाची भीती. रुग्णालयांनी ते ठेवणंच बंद केलं. नव्वदच्या दशकाच्या अखेरीपर्यंत देशातला मॉर्फिनचा वैद्यकीय वापर सुमारे 97 टक्क्यांनी घसरला होता. आणि हे त्या देशात, जिथे मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात सरकारी परवान्याने अफू पिकते आणि नीमच व गाझीपूरच्या सरकारी कारखान्यांत तिच्यावर प्रक्रिया होते! जगाला औषधाचा कच्चा माल आपण पुरवायचा आणि आपल्या पेशंटने तळमळायचं, याची चीड यायला हवी.

केरळमध्ये डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. 2014 मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. ‘अत्यावश्यक नार्कोटिक औषधं’ असा वर्ग तयार झाला आणि 2015 मध्ये मॉर्फिन, फेंटॅनिल, मेथाडोन, ऑक्सीकोडोन, कोडीन आणि हायड्रोकोडोन ही सहा औषधं त्यात आली. आता राज्याच्या औषध नियंत्रकाकडून ‘मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्था’ म्हणून मंजुरी मिळालेलं रुग्णालय ती ठेवू शकतं आणि प्रशिक्षित डॉक्टर ती लिहू शकतात. म्हणूनच गल्लीतल्या मेडिकलमध्ये मॉर्फिन बहुधा मिळत नाही. ते मोठ्या किंवा कॅन्सर रुग्णालयातूनच घ्यावं लागतं. गोळी काही रुपयांची आहे. महाग पडतो तो प्रवास.

कायदा बदलला तरी गरज भागलेली नाही. ‘लॅन्सेट’च्या आयोगाने 2017 मध्ये हिशेब मांडला तेव्हा भारतात वेदनाशमनाची गरज असलेल्या माणसामागे वर्षाला सुमारे 43 मिलिग्रॅम मॉर्फिनएवढं औषध पोचत होतं, म्हणजे गरजेच्या जेमतेम 4 टक्के. अमेरिकेत हाच आकडा 55 हजार मिलिग्रॅमच्या वर होता.

सोलापुरात आणखी एक घोटाळा होतो. ऑक्टोबर 2023 मध्ये चिंचोळी एमआयडीसीतल्या कारखान्यावर छापा पडून मेफेड्रोन, म्हणजे एमडी, सापडलं. तेव्हापासून ‘ड्रग’ म्हटलं की लोकांना एमडीच आठवतं. मेफेड्रोन हे उत्तेजक आहे, कुठल्याही दुखण्यावरचं औषध नव्हे. त्याचा आणि रुग्णालयातल्या मॉर्फिनचा काही संबंध नाही.

‘ट्रामाडॉल म्हणजे जरा जोरदार क्रोसिन’

हा गैरसमज मला सर्वांत जास्त काळजीचा वाटतो. यंत्रमागावर बारा तास उभा राहणारा कामगार, विड्या वळताना दिवसभर मान खाली घालून बसणारी बाई, उसाची मोळी उचलणारा मजूर, यांचं अंग दुखणं खोटं नाही. पण तीन महिन्यांपेक्षा जुनी कंबरदुखी, गुडघेदुखी यांवर ओपिऑइड फारसं उपयोगी नाही. अमेरिकेत जुन्या कंबर-गुडघेदुखीच्या पेशंटवर वर्षभर चाललेल्या आणि 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ओपिऑइड घेणाऱ्यांची हालचाल साध्या गोळ्या घेणाऱ्यांपेक्षा सुधारली नाही, उलट त्रास जास्त झाला. 2023 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासात नुकत्याच धरलेल्या कंबर आणि मानेवरही ओपिऑइड आणि औषध नसलेली नकली गोळी यांत फरक दिसला नाही. अशा दुखण्याला व्यायाम, फिजिओथेरपी, कामाची बैठक बदलणं आणि साधी वेदनाशामकं यांचाच उपयोग.

ट्रामाडॉल 2018 पासून एनडीपीएस कायद्याखाली आलं आहे. ते अनुसूची एच-1 मध्येही आहे. दुकानदाराने चिठ्ठी पाहूनच ते द्यायचं असतं आणि विक्रीची नोंद तीन वर्षं ठेवायची असते. त्याच्या जास्त मात्रेने फिट येऊ शकते. नैराश्यावरच्या काही गोळ्यांबरोबर ते घेतलं तर शरीरात सेरोटोनिन धोकादायक पातळीपर्यंत वाढू शकतं. बारा वर्षांखालच्या मुलाला ट्रामाडॉल किंवा कोडीन देऊ नये. टॅपेंटाडॉलही हलकं नाही. फेब्रुवारी 2025 मध्ये टॅपेंटाडॉल आणि कॅरिसोप्रोडॉल यांच्या मिश्र गोळ्या मुंबईहून पश्चिम आफ्रिकेत नशेसाठी जात असल्याचं बीबीसीने उघड केलं आणि केंद्र सरकारने त्यांच्या निर्यातीची परवानगी काढून घेतली.

मे महिना आणि दंडावरचा पॅच

ज्याला गिळता येत नाही अशा पेशंटला फेंटॅनिलचा पॅच लावतात. दिसायला तो साधी चिकटपट्टी, म्हणून घरच्यांना निरुपद्रवी वाटतो. त्याचं औषध कातडीतून तीन दिवस झिरपत राहतं. गरम लागलं की ते झपाट्याने शरीरात जातं. मे महिन्यात पारा 43-44 वर जातो, पत्र्याच्या खोलीत पेशंट पडलेला असतो, त्यात ताप आला किंवा कुणी ‘शेकलं की बरं वाटेल’ म्हणून गरम पाण्याची पिशवी त्याच दंडावर ठेवली, तर तीन दिवसांचं औषध लवकर उतरून श्वास मंदावू शकतो. पॅचवर किंवा आसपास शेक नको, ऊन नको. ताप आल्यास डॉक्टरांना लगेच कळवा. पॅच कापू नका. आधी ओपिऑइडची सवय नसलेल्याला तो लावू नका. पहिला पॅच लावल्यावर आराम पडायला बारा तास किंवा जास्त लागतात, म्हणून ‘काहीच होईना’ म्हणत दुसरा चिकटवू नका. काढलेल्या पॅचमध्येही औषध उरतं. चिकट बाजू आत घेऊन दुमडा आणि तो पोराबाळांच्या हाती लागणार नाही असा ठेवून रुग्णालयात परत द्या.

बाकी गोष्टी थोडक्यात. बद्धकोष्ठता जवळपास सगळ्यांना होते आणि ती आपोआप जात नाही, म्हणून पहिल्या दिवसापासून पोट साफ होण्याचं औषध सोबत घ्यायचं. मळमळ आणि गुंगी सहसा काही दिवसांत ओसरते. तोवर मोटारसायकल चालवू नका, मागावर काम करू नका. हळूहळू औषध सोडणारी लांब परिणामाची गोळी कुटू किंवा चावू नका. मूत्रपिंड अधू असेल, दमा असेल, झोपेत श्वास अडकत असेल, तर ते आधी सांगा. ओपिऑइडसोबत दारू नको. झोपेच्या अल्प्राझोलामसारख्या गोळ्या किंवा प्रिगाबालिन डॉक्टरांना न विचारता सोबत घेऊ नका, कारण दोन्ही मिळून श्वास थांबवू शकतात. आणि काही आठवडे औषध बंद होतं, आता पुन्हा सुरू करायचंय, तर जुना डोस स्वतःच्या मनाने घेऊ नका. सवय गेलेली असते आणि तोच डोस जीवघेणा ठरतो.

डोस जास्त झाल्याची खूण अशी. माणूस हलवून, हाका मारून उठत नाही, श्वास फार हळू किंवा घरघरता, ओठ निळसर, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. अशा वेळी कांदा हुंगवणं, मिठाचं पाणी पाजणं यात मिनिटं घालवू नका. त्याला कुशीवर वळवा, 108 ला फोन करा, एकटं सोडू नका, गोळ्यांची पट्टी बरोबर घ्या. नालॉक्झोन नावाचं उतारा देणारं इंजेक्शन रुग्णालयात असतं आणि वेळेत मिळालं तर ते काही मिनिटांत श्वास परत आणतं.

तुमच्या घरात कुणी कॅन्सरच्या कळा सोसत असेल तर पुढच्या तपासणीपर्यंत थांबू नका. शून्य ते दहात दुखणं किती आहे, रात्री झोप किती तास लागते, हे लिहून न्या, आणि मॉर्फिन कुठे मिळेल हे डॉक्टरांना सरळ विचारा. आणि कपाटात ट्रामाडॉलची अर्धी पट्टी उरली असेल तर ती शेजारच्या काकूंच्या गुडघ्यासाठी देऊ नका.