वांगं आलं पुढच्या दारी!

निगडी प्राधिकरणातल्या बंगल्यांच्या गल्ल्यांमधून सकाळी एक फेरी मारा. फाटकावर बोगनवेल, कमानीवर मधुमालती, पायरीशी जास्वंद. भाजी शोधायची तर मान वाकडी करून मागे डोकवावं लागतं. तिथे कढीपत्ता, अळू, एखादा शेवगा. फुलं पुढे, भाजी मागे, ही वाटणी कुठून आली? आणि कुणी वांग्याचं रोप थेट फाटकाशी लावलं, तर कोणता नियम आडवा येतो? निगडीपासून राजगुरुनगरापर्यंत आणि मध्येच अमेरिकेला वळसा घालून गोळा केलेल्या या चौदा गोष्टी.

1. शब्दानेच जागा ठरवली

परस म्हणजे घराची मागची बाजू. तिथली बाग ती परसबाग. ‘परसाकडे जाणे’ हा वाक्प्रचारही त्याच जागेचा. पुढच्या बाजूला अंगण. तिथे तुळशीवृंदावन, रांगोळी आणि उन्हात घातलेल्या कुरडया. भाजी मागे असण्याचं कारण सरळ होतं. मोरीचं पाणी मागे जायचं आणि त्यावर अळू आणि केळ पोसायची. आता मोरीचं पाणी पाइपातून गटारात जातं आणि बहुतेक घरांना परसच नाही. भाजी पुढे आली, कारण तिला मागे जागा उरली नाही.

2. गावांच्या नावात झाडं

चिंचवड म्हणजे चिंच आणि वड, असं गावातले लोक सांगतात. पिंपरी हे तर वडा-पिंपळाच्या कुळातल्या एका झाडाचंच नाव. कारखान्यांच्या भोंग्यांच्या कितीतरी आधी या पट्ट्याची ओळख झाडांनी लिहिली होती.

3. नव्याण्णव वर्षांचं अंगण

पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण 1972 साली स्थापन झालं. उद्योगनगरीत कामाला येणाऱ्यांना घरं मिळावीत, हा त्यामागचा हेतू. इथले भूखंड विकले गेले नाहीत, 99 वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिले गेले. म्हणून घर हस्तांतरित करायचं तर आधी परवानगी घ्यावी लागते. परदेशात खरेदीखतातच वस्तीचे नियम बांधून देतात. त्याच्या सर्वांत जवळ जाणारा आपल्याकडचा कागद म्हणजे हा भाडेपट्टा. 2021 मध्ये प्राधिकरण बरखास्त होऊन त्याचा कारभार पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण (पीएमआरडीए) आणि महापालिकेत वाटला गेला. आणि ज्या गावांची शेतं या नगरासाठी गेली, तिथे ‘साडेबारा टक्के’ एवढंच म्हटलं तरी पुढचं सगळं कळतं. भूसंपादनाच्या बदल्यात मागितलेला तो जमिनीचा परतावा. आजच्या सेक्टरांखाली कालची वावरं आहेत.

4. सोसायटीचं वय शंभरीपार

मुंबईच्या गावदेवीत 1915 साली सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली. देशातल्या अगदी पहिल्या गृहनिर्माण संस्थांपैकी ती एक. आपण ज्याला नुसतं ‘सोसायटी’ म्हणतो, ती कल्पना त्या काळची. आज राज्यातल्या सोसायट्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 आणि आदर्श उपविधींनुसार चालतात. वाकड असो की मोशी, कुंडीवरून वाद झाला की आधी हीच उपविधींची पुस्तिका उघडायची.

5. कुंडी छोटी, दंड पाचपट

जिना, व्हरांडा, लिफ्टसमोरची जागा, पार्किंग, मोकळं मैदान हे सगळं सामाईक. आदर्श उपविधी सांगतात की ज्या कामासाठी जागा आहे त्याच कामासाठी ती वापरायची. कुणी ती अडवली तर अडवणूक हटवावी लागते आणि जितके महिने ती अडवली, त्या प्रत्येक महिन्याला मासिक देखभाल खर्चाच्या पाचपट रक्कम भरावी लागते. इथे नियमाचा रोख भाजीवर नाही, अडवणुकीवर आहे. मिरचीची कुंडी असो वा चपलांचं कपाट, वाट अडली की दोन्ही सारखेच. उंच इमारतींभोवती तर अग्निशमन दलाच्या गाडीसाठी 6 मीटरची वाट मोकळी लागते. तिथे वाफा करायचा नाही म्हणजे नाही.

6. गच्चीचं वजन

‘गच्चीवर माती नको’ असं सेक्रेटरी म्हणतात, तेव्हा ती कटकट नसते. त्यामागे गणित असतं. भारतीय मानकांनुसार वावर असलेली सपाट गच्ची साधारणपणे दर चौरस मीटरला 150 किलो जादा भार धरून आखतात. एक फूट जाडीचा ओल्या मातीचा थर तेवढ्याच जागेवर 500 किलोच्या आसपास जातो. यावर उत्तरही महाराष्ट्रातच सापडलं. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर यांनी प्रयोग परिवाराच्या कामातून पालापाचोळ्यापासून कसदार माती तयार करण्याची रीत घरोघरी पोचवली. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यावर भाज्या आणि फळझाडं वाढवून दाखवली. पालापाचोळा, उसाचं चिपाड, नारळाच्या शेंड्या आणि थोडीशी माती एवढ्यावर भागतं. गच्ची हलकी राहते आणि सेक्रेटरींचा जीवही.

7. वेलाला मोकळीक, झाडाला कायदा

दोडका, कारलं, दुधी यांचे वेल हंगाम संपला की ओढून टाकता येतात. शेवग्याचं तसं नाही. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, 1975 नुसार शहरातलं झाड तोडायला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, मग ते स्वतःच्या कुंपणातलं का असेना. 2021 च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरच्या झाडांना वारसा वृक्षाचा मान मिळाला. म्हणून शेवग्याची फांदी रोवण्याआधी वरच्या तारा, शेजाऱ्याची भिंत आणि पुढची वीस वर्षं पाहून घ्या.

8. शेतात घर अवघड, घरात शेत सोपं

चाकण परिसरात गुंठ्याचा विषय निघाला की पाठोपाठ एक शब्द येतो: एनए. शेतजमिनीवर बंगले उभे करायचे तर बिनशेती वापराची वाट चालावी लागते. बंगल्यापुढे मेथी पेरायला मात्र असा कागद लागत नाही. सातबाऱ्यावरून गेलेलं पीक असं पुन्हा दारात येऊ शकतं.

9. फ्लोरिडातला सतरा वर्षांचा वाफा

परदेशात हेच प्रकरण कोर्टात गेलं. फ्लोरिडातल्या मायामी शोर्स गावात हर्माइन रिकेट्स आणि टॉम कॅरोल या दांपत्याने घरापुढे सतरा वर्षं भाजी पिकवली. 2013 मध्ये गावाने नियम केला की भाजी फक्त मागच्या बाजूला. न ऐकल्यास रोज 50 डॉलर दंड. त्यांनी वाफे उपटले आणि दावा लावला. कोर्टात हार झाली, पण लढा थांबला नाही. 1 जुलै 2019 पासून फ्लोरिडात कायदा आला: कोणत्याही गावाला किंवा शहराला घराच्या आवारातल्या भाजीबागेवर बंदी घालता येणार नाही. त्या दोघांनी पुन्हा पुढच्या अंगणात रोपं लावली.

10. कॅलिफोर्नियाचं ‘परस’

अमेरिकेत घर घेणाऱ्या मराठी कुटुंबांना एक संस्था लगेच भेटते, घरमालकांची संघटना. हिरवळ किती वाढू द्यायची, भिंतीला कोणता रंग द्यायचा, हे तीच ठरवते. फ्लोरिडाच्या कायद्याने गावांचे हात बांधले. अशा खासगी संघटनांचे करार त्यात येत नाहीत. कॅलिफोर्नियाने संघटनांनाही आवरलं. 2015 पासून तिथे स्वतःच्या घरच्या भाजीपाल्याला मनाई करणारा संघटनेचा नियम चालत नाही. पण त्या कायद्यात शब्द आहे मागच्या अंगणाचा. म्हणजे परसबागच! भाजीला मागे ठेवायची खोड केवळ आपली नाही.

11. राष्ट्राध्यक्षांच्या दारची भाजी

दुसऱ्या महायुद्धात ही खोड मोडली होती. 1943 मध्ये एलिनॉर रूझवेल्ट यांनी व्हाइट हाउसच्या हिरवळीवर भाजीचा वाफा करवून घेतला. अमेरिकेत तेव्हा अशा दोन कोटींच्या घरात बागा फुलल्याचा अंदाज आहे. आपल्याकडेही त्याच दशकात ‘अधिक धान्य पिकवा’ मोहीम चालली. ताटात तुटवडा आला की दर्शनी भागाचा थाट मागे पडतो.

12. पिंपरीच्या मातीतलं औषध

‘कारखान्यांच्या गावात कसली आलीय माती?’ असं म्हणणाऱ्यांसाठी ही गोष्ट. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये डॉ. एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मातीतल्या एका सूक्ष्मजीवापासून बुरशीविरोधी औषध शोधलं. औषधाचं नाव हॅमायसिन, कारखान्याच्या आद्याक्षरांवरून. सूक्ष्मजीवाचं नाव स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना, गावावरून. याच कारखान्यातून पुढे पिकांवरच्या बुरशीसाठी ऑरिओफंजिन आलं. पिंपरीने फक्त सुटे भाग नाही घडवले. झाडांचं औषधही दिलं.

खबरदारी मात्र हवीच. वाहत्या रस्त्याला लागून पालक, मेथी, चुका लावू नका. पानांवर धूळ बसते आणि मातीत शिसं मुरलेलं असू शकतं. रस्त्याकडे जास्वंदीचं कुंपण, आत उंच वाफा, त्यात बाहेरून आणलेली चांगली माती आणि शेणखत, ही रचना बरी. सांडपाणी प्रकल्पातून आलेलं पाणी फुलझाडांना द्या, कच्च्या खायच्या भाज्यांना नको.

13. कांद्याची प्रयोगशाळा शेजारी

चाकणचा बाजार कांदा-बटाट्यासाठी नावाजलेला. तिथून नाशिक रस्त्याने थोडं पुढे गेलं की राजगुरुनगरला कांदा आणि लसूण संशोधनाची राष्ट्रीय संस्था आहे. जवळून वाहणाऱ्या नदीचं नाव इथल्या वाणांना मिळालं: भीमा सुपर, भीमा राज, भीमा शक्ती, भीमा किरण. पांढरा हवा तर भीमा श्वेता, भीमा शुभ्रा. गड्डा धरायला महिने लागतात, पण पात लवकर हाती येते. मोड आलेला कांदा फेकू नका, कुंडीत खोचा. झुणक्यापुरती पात घरचीच.

बाकीच्यांचा हिशोबही सोपा. मेथी महिनाभरात, कोथिंबीर आणि पालक साधारण पाच-सहा आठवड्यांत, मुळा दीड महिन्यात, भेंडी पन्नासएक दिवसांत. फळभाज्यांना सहा तास ऊन लागतं, पालेभाज्या तीन-चार तासांवर भागवतात. खताची सोयही दारात आहे. 2016 च्या घनकचरा नियमांनी 5,000 चौरस मीटरपेक्षा मोठ्या गृहसंकुलांवर ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवण्याची जबाबदारी टाकली. त्या खड्ड्यांतलं काळं, भुसभुशीत खत वाफ्यांची वाट पाहत असतं.

14. तारीख लक्षात ठेवा: 30 सप्टेंबर

सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा या तारखेच्या आत व्हावी लागते आणि तिची सूचना पूर्ण 14 दिवस आधी द्यावी लागते. म्हणजे गणपतीच्या सुमारास अर्ज तयार हवा. अर्जात चार गोष्टी लिहा: जागा कोणती, वजन किती, पाणी कुठून आणि पीक कुणाचं. चौथ्या मुद्द्यावर हात आखडू नका. वाफा सगळ्यांचा, तोडणीचा वार ठरलेला आणि पहिली जुडी वॉचमनकाकांच्या घरी. एकट्याची कुंडी अडवणूक ठरते. तीच सर्वांच्या ठरावाने ठेवली की बाग होते. ठराव इतिवृत्तात नोंदवून घ्या, कमिटी बदलली तरी तो टिकतो.

ऑक्टोबरात पाऊस ओसरलेला असतो, ऊन स्वच्छ असतं आणि मेथी पेरायची वेळ झालेली असते. सभा सप्टेंबरात, पेरणी ऑक्टोबरात. दिवाळीच्या फराळाने तोंड गोड-गोड झालं की फाटकाशी जाऊन घरची जुडी खुडून आणा, आणि भाकरी टाका.