बुरशीची ओळख : रोग, खत आणि औषधाची निवड

बुरशी म्हटले की शेतकऱ्याच्या डोळ्यासमोर प्रथम रोग उभा राहतो. हरभऱ्यावरील मर, ज्वारीवरील काणी, भुईमुगावरील टिक्का, द्राक्षावरील भुरी ही यादी बांधावर बसून कोणीही सांगेल. परंतु जमिनीतील बहुसंख्य बुरशी पिकाला अपाय करीत नाहीत. काडीकचरा कुजविणे, पिकाला स्फुरद पोचविणे, एवढेच नव्हे तर किडी मारणे हे कामही काही बुरशी करतात. आपल्या शेतातील बुरशी कोणत्या प्रकारची आहे हे ओळखता आले तर औषधावरील बराच खर्च वाचतो, म्हणून हा लेख.

पूर्वीच्या पाठ्यपुस्तकांत बुरशीची गणना वनस्पतीत होत असे. आता तिचा वेगळा वर्ग मानला जातो. बुरशीत हरितद्रव्य नसते, त्यामुळे तिला स्वतःचे अन्न तयार करता येत नाही. तिच्या पेशीची भिंत कायटिन या पदार्थाची असते. किडीच्या अंगावरील कवचातही हाच पदार्थ असतो. बुरशीचे शरीर म्हणजे अतिशय बारीक तंतूंचे जाळे. एका तंतूची जाडी साधारणपणे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतकी किंवा त्याहूनही कमी असते. आपण अन्न पोटात घेऊन पचवितो. बुरशी मात्र पाचक रस बाहेर सोडते, अन्न बाहेरच विरघळविते आणि मग शोषून घेते. पावसाळ्यात उकिरड्यावर उगवणारी कुत्र्याची छत्री हे त्या बुरशीचे केवळ फळ होय. तिचे खरे शरीर खाली शेणात पसरलेले असते. छत्रीतून सुटणारे बीजाणू वाऱ्याने दूर जातात. रोगकारक बुरशींचे बीजाणू वाऱ्याबरोबरच पाणी, बियाणे आणि अवजारांना चिकटलेली माती यांच्यामार्फतही पसरतात.

कुजविण्याचे काम

तुराटी, पऱ्हाटी, उसाचे पाचट यांत लिग्निन नावाचा चिवट पदार्थ असतो. तो फोडण्याचे काम मुख्यतः बुरशीच करतात. पाचट पेटविले की हा कच्चा माल जातो आणि वरच्या थरातील उपयुक्त बुरशीही भाजून निघतात. खोडव्यात पाचट सरीत ठेवून हेक्टरी ८० किलो युरिया, १०० किलो सिंगल सुपर फॉस्फेट व १० किलो पाचट कुजविणारे संवर्धन टाकावे. येथे युरिया पिकासाठी नसून कुजविणाऱ्या जीवांसाठी आहे. तो न दिल्यास ते जमिनीतील नत्र ओढून घेतात व खोडवा पिवळा पडतो.

मुळांशी भागीदारी

काही बुरशी पिकाच्या मुळात शिरून राहतात, पण रोग करीत नाहीत. जर्मन शास्त्रज्ञ फ्रांक यांनी १८८५ साली अशा सहजीवनाला मायकोरायझा हे नाव दिले. स्फुरद जमिनीत फारसा हलत नाही. मुळाभोवतीचा एक-दोन मिलिमीटरमधील स्फुरद संपला की मूळ उपाशी राहते. बुरशीचे तंतू मात्र त्यापलीकडे काही सेंटिमीटरपर्यंत जाऊन स्फुरद आणतात आणि मोबदल्यात पिकाकडून साखर घेतात. स्फुरदयुक्त खत गरजेपेक्षा जास्त दिल्यास ही भागीदारी कमी होते, कारण पिकाला तिची गरज उरत नाही. कोबी, फुलकोबी व मोहरी या पिकांच्या मुळांशी ही बुरशी जोडली जात नाही. त्या पिकांसाठी मायकोरायझाची पुडी घेणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे होय.

बुरशीसारखी दिसणारी, पण बुरशी नव्हे

सर्वांत जास्त गोंधळ येथेच होतो. द्राक्षावरील केवडा आणि संत्र्यावरील डिंक्या व मूळकूज करणारा फायटोफ्थोरा हे खऱ्या बुरशीत मोडत नाहीत. त्यांची पेशीभित्तिका प्रामुख्याने सेल्युलोजची असते आणि त्यांचे बीजाणू पाण्यात पोहतात. म्हणूनच साचलेल्या पाण्यात संत्र्याची बाग लवकर बसते. कार्बेन्डाझिमचा यांच्यावर उपयोग होत नाही. तेथे मेटॅलॅक्झिलसारखे औषध लागते. उलट हरभऱ्याच्या मर रोगावर मेटॅलॅक्झिल निरुपयोगी आहे. बोर्डो मिश्रण दोन्ही गटांवर चालते, पण ते पानाच्या किंवा खोडाच्या बाहेरील बाजूसच काम करते. दुकानात नुसते 'बुरशीनाशक द्या' म्हणू नये. रोगाचे नाव सांगावे, आणि नाव ठाऊक नसल्यास रोगट झाड मुळासकट उपटून कृषी विज्ञान केंद्रात दाखवावे.

मर रोग व ट्रायकोडर्मा

हरभरा व तुरीवरील मर रोग फ्युजॅरियम या खऱ्या बुरशीमुळे होतो. ती मुळातून शिरून झाडाच्या पाणी वाहणाऱ्या नळ्या बंद करते. झाडाचे खोड उभे चिरल्यास आत तपकिरी-काळी रेघ दिसते. एवढे झाल्यावर वरून कोणतीही फवारणी करून ते झाड वाचत नाही. हरभऱ्यावरील ही बुरशी पीक नसतानाही जमिनीत सहा वर्षांपर्यंत जिवंत राहू शकते, म्हणून एका वर्षाच्या फेरपालटाने भागत नाही. हरभऱ्यात विजय, दिग्विजय, तुरीत बीएसएमआर ७३६, बीएसएमआर ८५३ असे मर प्रतिकारक वाण निवडावेत. ज्वारीत तुरीचे आंतरपीक घेण्याची आपली जुनी पद्धतही उपयोगी आहे. सलग तुरीपेक्षा त्यात मर कमी आढळते.

ट्रायकोडर्मा ही हिरवट बुरशी फ्युजॅरियमच्या तंतूला वेढा घालते, त्याची कायटिनची भिंत विरघळविते आणि मुळाजवळची जागाही अडविते. मात्र ती आधी पोचली पाहिजे; रोग दिसल्यावर टाकून लाभ नाही. किलोभर बियाण्यास ४ ते ५ ग्रॅम चोळावी. जमिनीत द्यावयाची झाल्यास १ किलो भुकटी १०० किलो चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून, ओलसर ठेवून, सावलीत आठवडाभर झाकावी व मग पसरावी. कोरड्या मातीत नुसती भुकटी फेकून काही हाती लागत नाही. कार्बेन्डाझिम ट्रायकोडर्मालाही मारक असल्याने एकाच बियाण्यास दोन्ही चोळू नयेत. रायझोबियम सर्वांत शेवटी लावावे. पुडी घेताना उत्पादनाची व मुदत संपण्याची तारीख पाहावी. पत्र्याखाली उन्हात तापलेल्या पुडीत जिवंत बीजाणू फारसे उरत नाहीत.

किडींना होणारा रोग

ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये ढगाळ, दमट हवा टिकली की सोयाबीनवर पांढऱ्या पडलेल्या, ताठ झालेल्या अळ्या पानांना चिकटलेल्या दिसतात. पुढे त्या हिरवट होतात. हे मेटारायझियम रिलेयी या बुरशीचे काम होय. पूर्वी तिला नोमुरिया म्हणत. बीजाणू अळीच्या कातडीला चिकटतो, ती भेदून आत शिरतो आणि अळी मरते. तिच्या अंगावरील बीजाणू शेजारच्या अळ्यांना लागण करतात. शेतात अशा अळ्या बऱ्याच दिसत असतील आणि हवा दमटच असेल, तर कीटकनाशकाची घाई न करता तीन-चार दिवसांनी पुन्हा मीटरभर ओळीतील जिवंत अळ्या मोजाव्यात. बुरशीनाशकाची फवारणीही या दिवसांत विचार करूनच करावी. तिने पानावरील रोगाबरोबर ही बुरशीही मरू शकते.